कानात सांगायचे राहिलेले नाव

अक्का,

तेराव्याचे गोड जेवण झाले, पाहुणे पांगले, आणि मी काल नगरला परतलो. घर उघडले, खिडक्या उघडल्या, स्वतःपुरता चहा केला. लिहायला बसलो आहे, कारण तुझ्याशी एक बोलणे अर्धे राहिले आहे. अर्धे राहिलेले काम मला चालत नाही, हे तुला ठाऊक आहे.

दशक्रियेला रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणे झाली. ज्यांनी तुझ्या हातचे पाणीही कधी प्यायले नव्हते, तेही माईकपुढे उभे राहून तुला माउली म्हणाले. मलाही आग्रह झाला. ‘भाऊ आहात, चार शब्द बोला.’ मी हात जोडले आणि खाली बसलो. तुझा जन्म, तुझे लग्न, तुझे कष्ट हे सर्व तिथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ होते. मला जे बोलायचे होते, ते आकाशातल्या एका दगडाच्या नावाविषयी होते. ते माईकवर सांगण्यासारखे नव्हते.

प्रारंभ तुझ्याच वावरात झाला. दोन वर्षांपूर्वी, दिवाळी उलटून थंडी पडू लागली तेव्हा, माझी अनघा पुण्याहून तिची दुर्बीण आणि दोन तरुण सहकारी घेऊन खर्ड्याला तुझ्या वस्तीवर आली. एक लघुग्रह एका ताऱ्यापुढून जाणार होता आणि त्याची सावली आपल्या जिल्ह्यावरून सरकणार होती. तिच्या गटाने एक दुर्बीण काष्टीच्या माळावर लावली होती; दुसरीसाठी उघडी, अंधारी जागा हवी होती. तू कवठीचे वावर दिलेस. बाजरी निघाली होती, नुसती धसकटे उरली होती. ज्या कवठीच्या झाडावरून त्या वावराला नाव पडले, ती मी तरुणपणी तिथे आलो तेव्हाही नव्हती. मला ते वावर गट क्रमांकाने माहीत. तुला क्रमांक कधी सांगता आला नाही.

दिवेलागण झाली होती. तू डोक्यावरून शाल घेऊन बांधावर बसलीस आणि पोरीला विचारलेस, “नेमकं काय बघायचं म्हनली?”

“आत्या, तो तारा विझणार. अगदी थोडा वेळ. किती वेळ विझतो, तेवढं मोजायचं.”

“आन मंग?”

“मग परत लागणार.”

“आमच्याकडं रोजच व्हतंय की ते,” तू म्हणालीस. “त्यासाठी पुन्याहून कशाला यावं लागतं? लाइटीच्या बोर्डाला इचार, टायमिंग सांगत्याल.”

दोघे सहकारी हसून वाकले. मी हसलो नाही. मला हसू आले नव्हते असे नाही.

मग तारा विझला. दुर्बिणीला जोडलेल्या पडद्यावर ठिपका होता, तो नाहीसा झाला, आणि परत आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आवराआवर सुरू होणार, तोच ठिपका पुन्हा गेला. या वेळी पापणी लवावी इतकाच. सहकारी म्हणाले, वटवाघूळ आडवे गेले असेल, तार हलली असेल. अनघा पडद्याकडेच पाहत राहिली. तिचा चेहरा मी ओळखतो; गणित सुटण्याआधी तो तसा होतो. तू तिच्याकडे पाहून म्हणालीस, “एवढं त्वांड कशाला पाडलं? म्होरं म्हैस गेली, मागनं रेडकू गेलं. त्यात काय?”

ते गमतीत होते. अनघाने ते विसरायचे नाकारले. त्यानंतर परदेशातल्या वेधशाळांनी पाहिले, इतरांनी ताडून पाहिले, आणि या उन्हाळ्यात पक्के झाले. त्या लघुग्रहाभोवती एक लहान चंद्र फिरतो. खर्ड्यापासून तुझ्या वस्तीपर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढा. तो प्रथम टिपला गेला तो कवठीच्या वावरात.

शोधणाऱ्यांनी नाव सुचवायचे असते; पुढे एक समिती ते मान्य करते. अनघाच्या गटाने तो मान अनघाला दिला. अनघा म्हणाली, मान आत्याचा. बारशाला नाव आत्याच ठेवते. वावर आत्याचे, रेडकूही आत्यानेच म्हटले. तिने तुला फोन केला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. तू इतकी हसलीस की पोरीला फोन कानापासून लांब धरावा लागला.

“अगं, त्याला कान कुटंय? कुर्र कुटं करू?”

परंतु फोन ठेवताना तुझा आवाज बदलला होता. “बघते,” म्हणालीस. “घाई करू नको. नाव हाय, भाजी न्हाई.”

त्यानंतर मी तुझ्याकडे आलो तेव्हा वैशाख चालू होता. तू ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होतीस आणि माझ्यापुढेही सुपात शेंगा ओतल्यास. तिथे आपला वाद झाला. तो संपलेला नाही, म्हणून येथे नोंदवतो.

मी म्हणालो की नावाची आवश्यकताच नाही. मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. गट क्रमांकाने कधी गोंधळ झाला नाही. जे गोंधळ झाले ते नावांनी केले. एका गावात तीन ‘आंब्याची’ आणि दोन ‘खालची’ वावरे, आणि प्रत्येक भाऊबंद छातीठोकपणे आपलेच खरे म्हणणारा. क्रमांक एकालाच मिळतो. त्या चंद्राला शास्त्रज्ञांचा क्रमांक लागला होता. तो पुरेसा होता.

“मंग पोरीच्या बारशाला नंबरच ठिवायचा हुता,” तू म्हणालीस.

“मनुष्याची गोष्ट वेगळी.”

“का? मानसाला काय जास्तीचं असतंय?” तू शेंगेतला दाणा तोंडात टाकलास. “नंबराला हाक मारता येती का?”

“तिथे हाक मारायला जाणार कोण आहे?”

“जायला कशाला पायजे? जाता येत न्हाई म्हनून तर हाक मारत्यात. जाता आलं असतं तर दंडाला धरून आनलं नसतं?”

मी विषय बदलला आणि नावे सुचवू लागलो. तयारी करून आलो होतो. ‘छाया’ म्हणालो, कारण तो सावलीवरून सापडला. तू म्हणालीस, छाया ही दुकानदाराची सून, आणि तिचे नि तुझे बोलणे नाही. ‘अनुचर’ म्हणालो. “ह्ये कचेरीतल्या शिपायाला शोभंल. स्टुलावर बसल्यावानी वाटतं.” मूळ लघुग्रहाला कोणा परदेशी गृहस्थांचे नाव आहे, त्याच्याशी जुळेल असे काही पाहू, असे म्हणालो. तर म्हणालीस, “थोरल्याचं नाव कुनी ठिवलं, आपल्याला इचारलं हुतं का? मंग धाकट्याचं आपन त्यांना कशाला इचारायचं?”

मी सांगितले की नावे ठेवणे हे घरगुती काम राहिलेले नाही. आपल्याच जिल्ह्याचे पाहा. एसटीच्या पाटीवर आता नवे नाव असते, कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असेच ओरडतो. तू म्हणालीस, “वराडू दे. पाटी वाचायला असती, त्वांड बोलवायला. नवं नाव तोंडात बसायला एक पिढी जाती. बसंल.”

आणि मग तू तुझा खरा आक्षेप काढलास. फोडलेल्या शेंगांची टरफले पदरातून झटकलीस आणि म्हणालीस, “माझं एक अडलंय. त्वांड बघितल्याबिगर मी कुनाचं नाव ठिवलेलं न्हाई. वासराचं न्हाई, लेकराचं न्हाई. पोरीनं तरी बघितलंय का त्याला?”

“नाही,” मी म्हणालो. “कोणीच पाहिलेले नाही. तारा विझला, एवढेच पाहिले.”

“म्हंजी तो दिसलाच न्हाई. नुस्ता आडवा आला.”

“होय.”

तू गप्प झालीस. तू गप्प होणे दुर्मिळ, म्हणून मी तो माझा विजय धरला. संध्याकाळच्या गाडीने मी परत निघालो. तू फाट्यापर्यंत आलीस.

येथे मला बारशाविषयीची एक जुनी गोष्ट लिहिली पाहिजे. अनघाच्या बारशाला नाव मी निवडले होते. शुद्ध, अर्थपूर्ण, कोशात पाहून घेतलेले. तू आदल्या दिवशी आलीस, ते कागदावर वाचलेस आणि परसात गेलीस. तिथे उभी राहून तू मोठ्याने “अनघाऽऽ” म्हणून हाक मारलीस. शेजारी खिडकीत आले. मी बाहेर येऊन विचारले, हे काय चालले आहे. तू शांतपणे म्हणालीस, “बघतीय, हाकेला कसं वाटतंय. लांब जात न्हाई. मधीच मोडतंय.” तुझ्याकडे वस्तीवरची ही रीत होती. नाव ठेवायचे तर आधी बांधावरून हाक मारून बघायची. वाऱ्यावर टिकले तर ठेवायचे. मी म्हणालो, शहरात कोणी बांधावरून हाका मारीत नाही, नाव हेच राहील. दुसऱ्या दिवशी तू पाळण्यात वाकून पोरीच्या कानात कुर्र केलेस, बायकांनी तुझ्या पाठीत धपाटे घातले, आणि सर्वांनी ‘अनघा’ म्हटले. कानात मात्र तू दुसरेच काही सांगितलेस, असा माझा आजही संशय आहे. मी एकदा विचारले होते. “कानात सांगितलेलं कानाला ठावं,” एवढे उत्तर मिळाले.

आणखी एक वाद होता. तो माझ्या स्वतःच्या नावाचा.

मला घरी, शाळेत, कचेरीत सर्वजण कागदावरच्या नावाने ओळखत. तू एकटी मला ‘वाळक्या’ म्हणायचीस. आजच्या मुलांना वाळूक माहीत नाही. अनघाच्या सहकाऱ्यांना समजावून सांगावे लागले. बाजरीच्या पिकात न पेरता एक वेल येतो, त्याला काकडीच्या कुळातले लहानसे फळ धरते, पिकले की वास सुटतो. ते शोधायला मी लहानपणी बाजरीत शिरायचो, यावरून तू ते नाव पाडलेस. आई गेली, वडील गेले, आणि ते नाव तुझ्या एकटीच्या तोंडी उरले. तुला जागेचे भान नव्हते. मी जामखेडला मोजणीसाठी आलो असता तू बाजाराच्या दिवशी कचेरीच्या पायरीवरून मला त्या नावाने हाक मारली होतीस, आणि माझ्या हाताखालच्या माणसांनी फायलींमागे तोंडे लपवली होती.

दुर्बिणीच्या त्या संध्याकाळीही तेच केलेस. पोरे साहित्य गाडीत भरीत होती. तू बांधावरून मोठ्याने म्हणालीस, “वाळक्या, कानाला काईतरी बांध, गार हाय!” सहकारी माझ्याकडे पाहू लागले. मी तुला बाजूला नेले आणि सांगितले की माझे वय झाले आहे; चारचौघांत या नावाने पुन्हा हाक मारायची नाही.

तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलेस. माझ्या पत्नीला जाऊन तेव्हा वर्ष झाले नव्हते.

“बरं,” म्हणालीस. “चारचौघांत न्हाई मारत. एकला असलास की मारीन.”

मी होकार दिला. मला वाटले, प्रश्न मिटला.

तुझा शेवटचा फोन गणपतीत आला. “घावलं,” तू म्हणालीस. प्रास्ताविक नाही, ख्यालीखुशाली नाही.

“काय सापडले?”

“नाव. त्या रेडकाचं.”

“सांग. लिहून घेतो. अनघाला लवकर पाठवायचे आहे, मुदत जवळ आली आहे.”

“फोनात न्हाई सांगायचं. कानात सांगायचं असतंय. तू ये, तुझ्या कानात सांगते. तू पोरीच्या कानात सांग.”

“फोनही कानालाच लावलेला आहे, अक्का.”

“तू कवा फोनवरनं जमीन मोजली का?”

गुडघा दुखत होता, एसटीला गर्दी होती. मी म्हणालो, गणपती उठले की येतो. तू म्हणालीस, “ये. पर बाजरी काढायच्या आत ये.” मला वाटले, तुला काढणीची काळजी आहे. मजूर मिळत नाहीत, माणसे कारखान्यांच्या ऊसतोडीच्या आगाऊ उचली घेऊन बसलेली, म्हणून म्हणत असशील. मी बरे म्हणालो.

गणपती उठण्याआधी सविताचा फोन आला. तुझी सून शांत स्वभावाची आहे. “मामा, आई गेल्या,” एवढेच ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू राहिला. मला गोठ्यातल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

अनघा दुसऱ्या दिवशी पोचली. तुला पाहून झाल्यावर, सर्व झाल्यावर, तिने मला बाजूला घेऊन विचारले, “बाबा, आत्याने नाव तुम्हाला सांगितलं ना?” मी नाही म्हणालो. ती म्हणाली, “मग तुम्ही ठरवा. पंधरा दिवसांत पाठवायचं आहे.” मी म्हणालो, तो मान माझा नाही. तो आत्याचा होता, आणि आत्या नाव घेऊन गेली. आत्याचा मान बापाकडे येत नाही. ती रागाने म्हणाली, “मग काय, क्रमांकच ठेवायचा?”

वैशाखात मी नेमके तेच म्हणालो होतो. आता ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला होय म्हणवेना.

तेरा दिवस मी तुझ्या घरात पाहुण्यासारखा राहिलो. तू ठरवलेल्या नावाच्या शोधात होतो, हे कोणाला सांगितले नाही. भेटायला येणाऱ्या बायकांना आडून विचारले, अक्का शेवटी काय म्हणत होती, कशाविषयी बोलत होती. प्रत्येकीने तुझा एकेक विनोद सांगितला आणि डोळे पुसले. नाव कोणाजवळ नव्हते. तुझ्या खाटेवर बसून मी ‘अनुचर’ आणि ‘छाया’ पुन्हा मनाशी म्हणून पाहिले. दोन्ही स्टुलावर बसल्यासारखी वाटली.

तेराव्याच्या दुपारी सुतक फिटले. पाहुणे गेल्यावर सविता माझ्यासाठी चहा घेऊन ओसरीवर आली. मी सरळ विचारले. “सविता, अक्काने तुला एखादे नाव सांगितले होते का? ताऱ्याबिऱ्यासाठी?”

“न्हाई मामा.” ती जायला वळली आणि दाराशी थांबली. “एक सांगू का? रागावू नका. आमी कुनाला बोललो न्हाई, लोक कायबी म्हनत्यात. आईंना शेवटी शेवटी जरा भ्रम झाला हुता.”

“कसला?”

“कवठीच्या वावरातली बाजरी काढू देत नव्हत्या. समदीकडं उडीद, सोयाबीन केलं, तेवढा एक पट्टा त्यांनीच हट्टानं बाजरीचा ठिवला. निसवली, दानं भरलं, पाखरं पडाय लागली, तरी म्हनायच्या, थांबा. आन रोज दिस मावळायला बांधावर जाऊन हुभ्या राहायच्या आन हाका मारायच्या.”

“कोणाला?”

“त्येच तर. तितं कुनीच नसायचं. ह्यांनी एकदा इचारलं, आई, कुनाला बोलवताय? तर म्हनल्या, ‘बघतीय, हाकेला कसं वाटतंय.’ मंग म्हनल्या, ‘लई लांब जातंय. पार त्या टेकाडापल्याड जातंय.’ आमाला वाटलं, वय झालं.”

“काय म्हणून हाक मारीत होती?”

सविताने पदर सावरला. “वाळक्या म्हनून. वाळक्याऽऽ. मामा, ते कुनाचं नाव हाय?”

मी चहा खाली ठेवला आणि काठी घेऊन कवठीच्या वावराकडे निघालो.

बाजरी उभी होती. कणसे अर्धीअधिक पाखरांनी सोलली होती. मी त्या बांधावर उभा राहिलो, जिथे तू शाल घेऊन बसली होतीस, आणि मला आपले लहानपणचे वावर आठवले. ते इथून फार दूर आहे आणि आता आपले नाही. मधोमध लाकडी माळा असायचा, पाखरे राखायला. तू वर गोफण घेऊन उभी. मी खाली बाजरीत. बाजरी माझ्या दुप्पट उंच. आत शिरले की चहूकडे सारखेच दिसायचे, हिरवे आणि सळसळणारे, वर आभाळाची एक चीर. मी वाळकांच्या वासाने पुढे पुढे जायचो आणि मग वाट हरवायची. तुला मी दिसत नसे. मलाही तू दिसत नसायचीस. तू वरून हाक मारायचीस, आणि मी त्या हाकेच्या रोखाने पाने बाजूला करीत यायचो. काही वेळा मी मुद्दाम ओ देत नसे. हाताशी वाळूक असायचे आणि तोंड भरलेले असायचे. तू हाक थांबवत नसायचीस. मी कुठे आहे हे ठाऊक नसताना, मी आहे एवढ्याच भरवशावर तू हाका मारीत राहायचीस.

ज्याचे तोंड पाहिले नाही त्याचे नाव कसे ठेवू, हा तुझा प्रश्न होता. वैशाखात तू गप्प झालीस ते मी जिंकलो म्हणून नव्हे. तुला उत्तर सापडू लागले होते. जो समोर असतो त्याला कोणी हाक मारीत नाही. दिसत नाही, तरी तिथे कुठेतरी आहे, त्यालाच मारावी लागते. एवढे कळायला मला तुझे तेरावे यावे लागले. कवठीच्या वावरात बाजरी तू त्यासाठी ठेवली होतीस. मला तिथे उभे करून, कानात सांगणार होतीस.

तेराव्याला आलेली अनघा अजून वस्तीवरच होती; तिला मी त्याच संध्याकाळी बांधावर बोलावून घेतले. सविताही मागून आली. मी पोरीला म्हणालो, जवळ ये. ती माझ्याहून उंच आहे. तिला वाकावे लागले. मी रीतसर कुर्र केले आणि नाव सांगितले. माझा आवाज ठीक होता, असे मला वाटते. ती सरळ झाली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मग तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. हलकाच. “आत्याला मारतात तो,” म्हणाली.

व्यवहाराचे तेवढे बोललो. कागदावर ‘वाळूक’ लिहायचे; हाकेला ‘वाळक्या’. नावाचे कारण द्यावे लागते, तेथे इतकेच लिहायचे की हे बाजरीत न पेरता येणारे फळ आहे आणि शोधावे लागते. माझा उल्लेख करायचा नाही, हे बजावले. “आणि आत्याचा?” तिने विचारले. मी म्हणालो, वावर कोणाचे, ते लिही. ती मुदतीत पाठवील. समिती मान्य करील किंवा करणार नाही. तो तिचा अधिकार आहे. माझ्या लेखी नाव ठेवले गेले आहे.

अक्का, तुझ्याशी वाद घालणे हे माझे जुने काम होते, आणि आता ते माझ्याकडे राहिलेले नाही. क्रमांक चुकत नाही, हे मी अजूनही म्हणतो. माझ्या घराला क्रमांक आहे, पेन्शनीला आहे, दवाखान्याच्या कार्डाला आहे. कालपासून या घरात फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मला माझ्या पूर्ण नावाने, आदराने संबोधले गेले. चूक काहीच नव्हती. मी दोन्ही वेळा नीट उत्तरे दिली.

तू माझ्यापेक्षा मोठी होतीस, तेव्हा तू आधी जाणार, हा हिशेब मला लहानपणापासून माहीत होता. तुझ्याबरोबर माझे एक नाव जाईल, हे त्यात धरलेले नव्हते. ते जाऊ नये म्हणून तू काय केलेस, हे मला उशिरा कळले. त्याबद्दल जे म्हणायचे असते ते मला नीट म्हणता येत नाही. कधीच येत नव्हते. तू ते समजून घेतले होतेस असे मी धरून चालतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या संध्याकाळी अनघा आणि सविता घराकडे निघाल्या. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, गुडघा दुखतो, सावकाश येतो. त्या टेकाडाच्या वळणाआड जाईपर्यंत मी थांबलो. दिवस मावळत होता. वारा सुटला होता, बाजरी वाजत होती, आणि मी बांधावर एकटाच होतो. मी एकटा असलो की तू हाक मारायची, असे आपले ठरले होते. तू ठरल्याप्रमाणे रोज मारलीस. मी इथे, नगरला, एकटाच बसलेला होतो.

मी काठी बांधात रोवली, बाजरीकडे तोंड केले, आणि ओ दिली.